रेट्रो कुणाचा? कातडं, बूट आणि गाणं यांचा आपला इतिहास



१४ एप्रिलच्या तयारीची बैठक होती. वाशिम जिल्ह्यातल्या एका विहारात, रात्री नऊनंतर. वर्गणी, मंडप, मिरवणुकीचा मार्ग असे नेहमीचे विषय झाले आणि मग गाडी अडली ती दोन गोष्टींवर. पहिली, पोरांना यंदा भीमगीतांच्या कार्यक्रमात अर्धा तास रॅपसाठी हवा होता. दुसरी गोष्ट विषयपत्रिकेवर नव्हतीच. विहाराच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपलांच्या रांगेत दोन-तीन जोड जाडजूड पांढऱ्या-लाल बुटांचे होते. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याची नजर त्यावर गेली आणि ते उखडले. म्हणाले, "आमच्या बापानं अनवाणी दिवस काढले अन् हे पोट्टे पगाराएवढे बूट घालून फिरतात. वरून अमेरिकेचं गाणं म्हणतात. वामनदादा काय कमी पडले काय रे तुम्हाला?" पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, हा रेट्रो आहे. अन् जोड फर्स्ट कॉपी आहे, हजाराचा."

सगळे हसले, वाद तिथे थांबला. पण आमच्या डोक्यात तो थांबला नाही. आमच्या मते त्या रात्री दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर होत्या आणि दोघांनाही आपल्याच इतिहासाचा एक मोठा तुकडा ठाऊक नव्हता. तो तुकडा पायाशी संबंधित आहे. चळवळीत आपण डोक्याबद्दल खूप बोलतो, पायाबद्दल कमी.

आधी शब्द समजून घेऊ. 'रेट्रो' म्हणजे कंपनीने वीस, तीस, पन्नास वर्षांपूर्वी काढलेलं खेळाच्या बुटाचं मॉडेल त्याच रंगात, त्याच आकारात पुन्हा बाजारात आणणं. आदिदासचा सुपरस्टार १९६९चा, पुमाचा स्वेड १९६८चा, नायकेचा पहिला जॉर्डन १९८५चा. हे बूट आज धावायला किंवा बास्केटबॉल खेळायला कुणी घेत नाही. ते आठवण म्हणून विकले जातात. आणि इथेच आमचा पहिला प्रश्न उभा राहतो. आठवण कुणाची? ज्याच्या आजोबाच्या पेटीत जुना बूट सापडतो, त्याच्यासाठी रेट्रो ही आठवण आहे. आपल्या आजोबांच्या पेटीत काय सापडतं? जनता पत्राचा एखादा जीर्ण अंक, दीक्षाभूमीवरून आणलेला बाबासाहेबांचा फोटो, फार तर गिरणीचा नाहीतर फौजेचा एखादा कागद. बूट सापडत नाही. तो हरवला असं समजू नका, तो घालायची परवानगीच नव्हती.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गावकुसाबाहेरच्या जगण्याबद्दल लिहिताना एक यादी दिली आहे. अस्पृश्याने काय केलं की गावाच्या लेखी तो गुन्हा ठरतो, त्याची ती यादी. स्वच्छ कपडे घालणं गुन्हा, घराला कौलं घालणं गुन्हा, घोड्यावर बसणं गुन्हा, मुलांना भारदस्त नाव ठेवणं गुन्हा. त्याच यादीत पायात जोडा घालणंही आहे, घड्याळ आणि दागिन्याच्या शेजारी. म्हणजे बूट ही चैनीची वस्तू होती म्हणून आपल्याकडे नव्हती, हे म्हणणं अर्धसत्य आहे. पैसे असते तरी घालता येत नव्हता.

आमच्या कामाच्या निमित्ताने आम्ही गावोगाव सत्तरी ओलांडलेल्या माणसांशी बोलतो. मालेगाव तालुक्यातल्या एका आजोबांनी सांगितलं ते आम्ही विसरू शकत नाही. त्यांच्या वडिलांनी अकोल्याहून एक जोडा आणला होता. वस्तीत आणि शिवारात तो पायात असायचा. गावातली मोठी गल्ली आली की काढून हातात, गल्ली संपली की पुन्हा पायात. आजोबा म्हणाले, "बाबा, जोडा पायापेक्षा हातातच जास्त झिजला." हे सांगताना ते हसत होते. आम्हाला हसता आलं नाही.

भाषेकडे पाहा. मराठीतल्या म्हणी नुसत्या म्हणी नाहीत, त्या कायद्याची कलमं आहेत. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण बाईसाठीही वापरली गेली आणि आपल्यासाठीही. जोडे मारणं, चपलांचा हार घालणं, जोडे उचलणं हे सगळे अपमानाचे शब्द. कुणाचा निषेध करायचा तर आजही 'जोडे मारो आंदोलन' होतं आणि आपलेही कार्यकर्ते ते उत्साहाने करतात. क्षणभर थांबून विचार करा. जोडा ही वस्तू अपमानाची का झाली? ती कातड्याची आहे म्हणून, आणि कातड्याला हात लावणारा माणूस अपवित्र ठरवला गेला म्हणून. आपण तोच जोडा उगारतो तेव्हा नकळत त्यांच्याच व्याकरणात बोलतो. आम्हाला हे खटकतं. (एक मात्र मान्य. सरकारी कचेऱ्यांमध्ये 'चपला झिजवणं' हा वाक्प्रचार आमच्यासारख्या समाजकार्यकर्त्यासाठीच तयार झाला असावा.)

आता मूळ मुद्दा. बूट आणि गाणं यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध कातड्याचा आहे. गावात जनावर मेलं की ते ओढून नेण्याचं काम महारांच्या माथी होतं. कातडं कमावायचं ढोरांनी, त्याचा जोडा आणि मोट शिवायची चांभारांनी, दोर-नाडा वळायचा मांगांनी, आणि त्याच कातड्याची हलगी, डफडं वाजवायचं महार-मांगांनी. प्रदेशाप्रमाणे यात थोडाफार फरक होता, पण साखळी हीच. एकाच कातड्यातून गावाचा पाय झाकला जाई, गावाच्या पिकाला पाणी मिळे आणि गावाच्या लग्नाची वरात निघे. चांभाराने शिवलेल्या मोटेचं पाणी उसाला चालायचं, पण तो चांभार त्या विहिरीला शिवू शकत नव्हता. हलगीवाल्याशिवाय वरात निघत नव्हती, पण हलगीवाला पंगतीत बसू शकत नव्हता. वस्तू आणि सूर घ्यायचे, माणूस बाहेर ठेवायचा. ही जी रीत आहे ती लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला न्यूयॉर्कमध्ये दिसेल आणि मिलानमध्येही दिसेल.

ही साखळी तोडायला बाबासाहेबांनी सुरुवात केली ती पहिल्या कडीपासून. मार्च १९२७ची महाड परिषद आपण चवदार तळ्यासाठी आठवतो, ते योग्यच आहे. पण मेलेली जनावरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा, हा आग्रहही त्याच काळातला आणि त्याच तळमळीचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, मनुस्मृती जाळली त्या परिषदेच्या वेळी, त्यांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, अंगावर जात दाखवणारे जड दागिने उतरवा, असं सांगितलं. कपडे, दागिने, पायातला जोडा या गोष्टी तेव्हा फॅशन नव्हत्या. व्यवस्थेने अंगावर चढवलेला तो गणवेश होता आणि तो उतरवणं हा सत्याग्रहाचाच भाग होता. बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे पाहताना आपण कोट पाहतो, टाय पाहतो, हातातलं पुस्तक पाहतो. यापुढे खालीही पाहा. पायात बूट आहेत. शिल्पकाराने ते विसरून चालणार नव्हतं.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'संस्कृतिकरण' शिकवलं गेलं. खालच्या जाती वरच्या जातींचं अनुकरण करतात, ही श्रीनिवासांची मांडणी. आमचा त्यावर तेव्हाही आक्षेप होता आणि आजही आहे. इंग्रजी बूट घालणारा महार कुणाचं अनुकरण करत होता? गावातल्या वरच्या जातीचा पुरुषही तेव्हा पायात वहाणाच घालत होता. आपल्या माणसाने जातीच्या उतरंडीतलं वरचं पायताण मागितलंच नाही. त्याने उतरंडीबाहेरचं पायताण उचललं. ते आलं फौजेतून, रेल्वेतून, गिरणीतून. रामजी सुभेदारांच्या पिढीला फौजेने बूट दिला. त्यांच्यानंतर इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली, १९१७ला महायुद्धापुरती पलटण उभारली, १९२१ला मोडली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. फौजेचा बूट असा दोनदा पायातून काढून घेतला गेला. भरतीसाठी वलंगकरांपासून बाबासाहेबांपर्यंत सगळे का भांडले, हे समजून घ्यायचं तर नुसता पगार पाहू नका. त्या बुटाला गावात हातात घ्यावं लागत नव्हतं.

खेळाच्या बुटाचं बोलायचं तर आपल्या इतिहासात त्याचा मानकरी आहे, आणि पोरांना तो माहीत नाही याची आम्हाला खंत वाटते. पळवणकर बाळू. जन्म १८७६. चांभार कुटुंबातला मुलगा. पुण्यात पारशांच्या आणि मग इंग्रजांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागला आणि देशातला सगळ्यात मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला तो हवा होता, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळेला त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा. पुन्हा तीच रीत! १९११ला भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली, तेही बरीच भांडणं झाल्यावर. पुढे १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, म्हणून आपण त्यांना विसरलो असू, तर ते बरं नाही. राजकारणातला विरोध आपल्या जागी. पांढरे कपडे आणि बूट घालून चांभाराचा मुलगा साहेबाच्या मैदानात उतरला, हे त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी कुणी स्वप्नातही पाहिलं नसेल.

आता अमेरिकेकडे जाऊ, कारण बैठकीतल्या ज्येष्ठांचा खरा राग 'अमेरिकेच्या गाण्या'वर होता.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठाच्या अंगणाला लागूनच हार्लेम, काळ्या माणसांची वस्ती. तिथून उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर, नदीपलीकडे ब्राँक्समध्ये सेजविक अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ला एक घरगुती जलसा झाला. जमैकाहून आलेल्या कुटुंबातला अठरा वर्षांचा क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, दोन तबकड्या फिरवत होता. हिप-हॉपचा जन्म तिथे झाला असं मानतात. त्या रात्रीचं एक तपशील आम्हाला फार आवडतो. कार्यक्रम ठरवला होता त्याची बहीण सिंडी हिने, आणि तिला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून तिने तिकीट लावलं होतं. जगभर पसरलेल्या या संगीताच्या मुळाशी शाळेत नीटनेटकं जायची एका गरीब मुलीची इच्छा आहे. हे आपल्याला परकं वाटायचं काही कारण आहे का?

आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ला, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली होती, ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्याच्याही आधी, १९४६ला, बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि डू बॉइस यांनी उत्तरही दिलं होतं. तेव्हा ब्राँक्सच्या गाण्याशी आपलं नातं मोबाइलमुळे जुळलं असं समजणारे पोरं आणि ज्येष्ठ, दोघेही चुकतात. ते त्याच्या खूप आधी जुळलं होतं.

त्या लोकांच्या बुटाचीही गोष्ट सांगायला हवी. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको ऑलिंपिक, २०० मीटरची शर्यत. टॉमी स्मिथ पहिला, जॉन कार्लोस तिसरा. राष्ट्रगीताच्या वेळी दोघांनी काळे हातमोजे घातलेली मूठ उंचावली, तो फोटो आपल्यातल्या अनेकांच्या भिंतीवर आहे. पण त्या फोटोतले पाय कुणी पाहत नाही. दोघांच्या पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे आहेत. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गरिबी जगाला दाखवायची म्हणून ते अनवाणी चढले होते. पुमाचा स्वेड बूट मंचावर बाजूला ठेवलेला होता. दोघांना संघातून काढून घरी पाठवलं. पन्नास वर्षांनी, २०१८मध्ये, पुमाने स्वेड बुटाची पन्नाशी थाटात साजरी केली. बाजाराला आता त्या बुटाची आठवण हवी होती. आमचे आजोबा हुकमाने अनवाणी होते, स्मिथ आणि कार्लोस ठरवून अनवाणी झाले. या दोन अनवाणी पायांमध्ये जे अंतर आहे, त्यालाच आम्ही चळवळ म्हणतो.

रन-डीएमसीचं प्रकरण पोरांना पाठ आहे, ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले हे तिघे पोरगे आदिदासचा सुपरस्टार नाडी न बांधता घालायचे. तुरुंगात कैद्याच्या बुटाची नाडी काढून घेतात, तिथून ही चाल रस्त्यावर आली असं सांगतात. असे बूट घालणारी पोरं गुन्हेगार, असं सभ्य समाज म्हणायचा. त्याला उत्तर म्हणून त्यांनी १९८६ला आपल्या बुटावरच गाणं केलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितलं, बूट वर करा, आणि हजारो हातांनी बूट उंचावले. कंपनीचे लोक समोर बसले होते. त्यानंतर दहा लाख डॉलरहून मोठा करार झाला. इथे हार-जीत दोन्ही आहे. बदनामीची खूण त्यांनी अभिमानाची केली, ही जीत. आणि त्या अभिमानाचा मोठा वाटा जर्मनीतल्या कंपनीच्या गल्ल्यात गेला, ही दुसरी बाजू. रेट्रो बूट विकत घेताना आपण या दोन्ही बाजू विकत घेतो, एवढं पोरांनी डोक्यात ठेवावं.

आता आपल्या गाण्याकडे. ज्याला आज 'अंडरग्राउंड' म्हणतात, म्हणजे रेडिओवर नाही, मोठ्या कंपनीकडे नाही, हातोहात पसरणारं, तसं गाणं आपण शंभर वर्षं करत आलो आहोत. सत्यशोधक जलशातून आंबेडकरी जलसा निघाला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच बाज घेतला आणि आतलं सगळं उलटं केलं. गणात गणपतीऐवजी बाबासाहेब आले, गवळणीतली थट्टा जाऊन अस्पृश्यतेवरचे सवाल आले. जुना साचा उचलायचा, त्यात आपला आशय भरायचा. ब्राँक्सची पोरं जुन्या तबकडीचा तुकडा उचलून त्यावर आपले बोल चढवतात ते याहून वेगळं काय आहे? भीमगीतांच्या चाली सिनेमातून उचललेल्या असतात म्हणून नाक मुरडणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. तेच विद्वान अमेरिकन सॅम्पलिंगवर कौतुकाने लेख लिहितात!

रॅपच्या बॅटलचं पोरांना भारी आकर्षण. अरे, तुमच्या आजोबांनी कव्वालीचे जंगी सामने रात्र-रात्र जागून ऐकलेत. समोरासमोर दोन पार्ट्या, सवाल-जवाब, तिथल्या तिथे जुळवलेल्या ओळी, आणि समोरच्याला निरुत्तर केलं की वस्तीभर शिट्ट्या. वामनदादा कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. अक्षरओळख मोठेपणी झाली आणि मग हजारो गाणी लिहिली. त्यांच्या गाण्याच्या शेवटी 'वामन' हे नाव येतं. त्याकडे नुसती कवीची सवय म्हणून पाहू नका. ज्या माणसाकडे हक्क नोंदवायला कागद नव्हता, वकील नव्हता, त्याने गाण्याच्या पोटातच सही करून ठेवली. तरीही त्यांची गाणी त्यांचं नाव गाळून किती जणांनी गायली आणि विकली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. रन-डीएमसीला करार मिळाला, आपल्या शाहिरांना एसटीचं भाडं मिळालं तरी खूप.

पुढे कॅसेटचा जमाना आला. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगेशेजारी कॅसेटची रांग लागू लागली. टेपरेकॉर्डर एकाच्या घरी आणि ऐकणारी सगळी वस्ती. आम्ही त्या आवाजात वाढलो. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज आम्ही चेहऱ्याआधी ओळखला. विलास घोगरे यांना ऐकण्याआधी त्यांचं मरण कळलं. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात आपली दहा माणसं मारली गेली आणि त्या धक्क्याने या शाहिराने स्वतःला संपवलं. कबीर कला मंचाच्या कलावंतांना गाण्यापायी तुरुंग पाहावा लागला. अंडरग्राउंड हा शब्द तुमच्यासाठी आवडीचा कप्पा असेल, या माणसांसाठी तो जामीन, तारीख आणि कोठडी होता.

म्हणून रॅपवाल्या पोरांना आम्ही परके मानत नाही. अमरावतीचा विपिन तातड आपल्याच विदर्भाच्या बोलीचा माणूस आहे. ओडिशाच्या कोरापुटहून आलेला सुमीत सामोस, पंजाबमध्ये अपमानाचाच शब्द गाण्याच्या नावात मिरवणारी गिन्नी माही, मुंबईतल्या स्वदेशी या गटाने वारली बांधवांसोबत आरेच्या जंगलासाठी केलेलं गाणं, या सगळ्यांना जलशाच्या पंगतीत बसवायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती एवढीच की वाशिमच्या पोराने ब्राँक्सच्या पोलिसांवर रॅप करू नये. त्याच्याकडे गायरानाचा प्रश्न आहे, वसतिगृहाच्या भत्त्याचा आहे, जातपडताळणीच्या फाइलचा आहे. ज्याने जे भोगलं ते त्याने गावं, हा नियम जलशाचाही होता आणि ब्राँक्सचाही.

आणि आता थोडं कडू बोलतो, आपल्याच घरातलं. आपण बौद्ध झालो, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, हे योग्यच झालं. पण सोडताना ज्यांच्या हातात कातडं राहिलं त्यांच्याकडे आपण कसं पाहिलं? बुटांवर हजारो रुपये खर्च करणारा आपला तरुण पुसद नाक्यावर किंवा पाटणी चौकात पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसलेल्या गटई कामगाराला नावाने ओळखतो का? 'चांभार' हा शब्द आपल्यातलेही काही जण शिवीसारखा वापरतात, हे आम्ही कानांनी ऐकलं आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या काळात बाबासाहेबांच्या अगदी जवळ काम करणारे सीताराम नामदेव शिवतरकर चर्मकार होते, हे आपल्याला माहीत नसतं. पोटजातींच्या भिंती व्यवस्थेने बांधल्या हे खरं, पण त्यांची डागडुजी आपण फुकटात करतो.

दुसरीकडे बाजार काय करतो ते बघा. जून २०२५ला मिलानमध्ये प्राडा या कंपनीने आपल्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या हुबेहूब चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. २०१९पासून या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, किंमत सुमारे ८०० युरो. त्या काळात वर्तमानपत्रांत 'मराठी अस्मिता', 'महाराष्ट्राचा वारसा' असे मथळे आले. ढोर, चांभार, समगार, मादिग हे शब्द किती मथळ्यांत होते? वस्तूला राज्याचं नाव मिळालं, हाताला मिळालं नाही. मोटेच्या पाण्याची गोष्ट ती हीच.

आणि ज्या राज्याला चपलेचा इतका अभिमान, त्याच राज्यात २०१५च्या कायद्याने बैल-वळूची कत्तल बंद झाली, तेव्हा कातड्यावर पोट असलेल्यांचं काय होणार हे कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २०१६ला, गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारलं. त्यावर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. १९२७चा महाडचा आदेश नव्वद वर्षांनी गुजरातमध्ये असा पाळला गेला. धारावीत सुधीर राजभर यांनी याच काळानंतर 'चमार' हेच नाव घेऊन चर्मकार कारागिरांसोबत कातड्याऐवजी टाकाऊ रबराच्या पिशव्या करायला सुरुवात केली. नाव लपवून माल विकायची बाजाराची रीत त्यांनी उलटी केली. आम्हाला हे रन-डीएमसीच्या गाण्याहून मोठं काम वाटतं.

बैठकीतल्या ज्येष्ठांना आमचं सांगणं आहे की पोरांच्या पायाकडे बोट दाखवू नका. तुमच्या वडिलांनी गल्लीत जोडा हातात घेतला, त्याची फेड हा पोरगा करतो आहे, त्याला ते कळत नसलं तरी. पोरांना सांगणं आहे की हप्त्यावर बूट घेऊ नका. सावकाराच्या पैशाने पायात घातलेला बूट पुन्हा हातात घेण्याची वेळ आणतो. ज्याला खरोखर चांगल्या बुटाची गरज आहे तो पोरगा-पोरगी पहाटे पाच वाजता शेलूबाजारच्या रस्त्याला पोलीस भरतीच्या सरावाला पळतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. त्यातले निम्मे अजून बाजारातल्या कॅनव्हासच्या बुटावर धावतात आणि गुडघे धरून बसतात. २०२३ला सरकारने जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे द्यायचं ठरवलं, मुलामागे १७० रुपये धरून. १७० रुपयांत कसला बूट येतो, हे दुकानात जाऊन विचारा. आमच्या ओळखीतल्या एका शाळेत आलेल्या बुटांचा तळ पहिल्या पावसात सुटला. मिरवणुकीच्या वर्गणीतून यंदा दहा जोड धावायचे बूट घ्यावेत, ही सूचना आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. विरोध होईल, होऊ द्या.

कार्यक्रमाचं ठरलं ते असं. आधी जलसा, मग पोरांचा अर्धा तास. मंचावर हलगी दोन्ही वेळा राहील.

आणि एक विनंती. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्यात तुमच्या घरी जुन्या भीमगीतांच्या, कव्वालीच्या सामन्यांच्या कॅसेट पडून असतील, तर फेकू नका. आम्ही त्या गोळा करून मोबाइलवर उतरवून घेत आहोत, कॅसेट परत मिळेल. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला पायात पहिला जोडा कधी आला, कुणी दिला, कुठे काढावा लागला, एवढे तीन प्रश्न विचारा आणि आवाज नोंदवून ठेवा. कॅसेट अडकत असली तरी आणा. फीत बाहेर आली असेल तर पेन्सिलीने गुंडाळता येते, ते आम्हाला अजून जमतं.